आतून बोट लावू नये

पोवई नाक्यावरच्या माझ्या दुकानात
गिऱ्हाईक रेनकोट उलटा करतं,
शिवणीवर नख ओढतं, विचारतं,
"शंभर टक्के वॉटरप्रूफ ना?"
मी हो म्हणते. धंदा आहे.
आणि दर वेळी आठवतो बाबालाल पिंजारी,
आमच्या टुरिंग टॉकीजचा तंबूवाला,
ज्यानं उभ्या जन्मात
कशालाच शंभर टक्के म्हटलं नाही.

म्हसवडची जत्रा, मार्गशीर्ष.
वडिलांच्या तंबूला चौदा ठिगळं,
त्यातलं एक साखरेच्या पोत्याचं,
त्यावरचं वजन अजून वाचता यायचं.
जत्रेआधी आठ दिवस बाबालाल चूल मांडायचा :
एका काहिलीत साबण किसून,
दुसरीत तुरटी विरघळवून.
आधी हे पाजायचं कापडाला, मग ते,
मग ऊन.
"साबण पाण्याचा सोयरा," म्हणायचा,
"पर तुरटी मधी आली की सोयरीक मोडती."
वाळल्यावर मी लोट्यातनं थेंब टाकायचे.
थेंब पसरायचा नाही.
जोंधळ्याच्या दाण्यासारखा टच्च उभा,
मग कलंडून घरंगळायचा,
खाली कापड कोरडं ठणठणीत.

"भोकं बुजली मग?"
"भोकं हाईत की.
कापड म्हंजे भोकंच, सुतानं बांधून ठिवलेली.
पाणी आपणहून आत येत न्हाय, बाय.
त्येला हात धरून आणाय लागतंय कुणीतरी."

त्या वर्षी तिसऱ्या खेळाला पाऊस आला.
माणदेशात, ऐन जत्रेत!
लोक पडदा सोडून छताकडं बघत बसले,
तिकीट त्याचंच काढल्यासारखे.
सूत भिजलं, फुगलं,
धाग्याला धागा खेटून बसला
थंडीत एका घोंगडीत शिरलेल्या पोरांसारखा.
बायकांच्या बाजूला तंबू जडावून
माझ्या डोक्यावर वीतभर आला.
काळा, ओलाकंच, आणि एक थेंब खाली नाही.

मी नऊ वर्षांची. मी बोट लावलं.
अगदी जरासं.
वर खरंच पाणी आहे का, एवढंच बघायला.

टोकाला गार लागलं.
मग मनगट, मग कोपर, मग झंपर.
बोट काढून घेतलं तरी ते थांबेना.
पाण्याला वाट कळली होती.

बाबालाल वाकत वाकत आला.
शिवी नाही, चापट नाही.
जिथं माझं बोट होतं तिथं त्याचं टेकवलं
आणि आतल्या अंगानं, उताराला धरून,
कनातीपर्यंत एक रेघ ओढत नेली,
फार सावकाश,
झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून नेतात तशी.
पाणी त्या रेघेमागून निमूट चालत गेलं
आणि कडेला मातीत उतरलं.
"आता ह्ये बंद हुईत न्हाय," म्हणाला,
"पर कुठनं जायाचं त्येवढं सांगता येतं."
मग हात धोतराला पुसून
रीळ बदलायला मदत करायला गेला.

तो तंबू पुढं दहिवडीत
कुणाच्या तरी कांद्यावर गेला.
बाबालालही गेला. कधी, ते मला उशिरा कळलं.

काल ठोसेघरचा दूधवाला पोरगा आला.
मागच्या साली रबरी कोट नेलेला,
दार पक्कं बंद असलेला.
"मॅडम, पाऊस नाही आला आत.
पण गाडी चालवून उतरलो की
अंगातनंच चिंब."
त्याला मी दुसरा काढून दाखवला,
काखेत बारीक जाळी, पाठीवर झडप.
नकळत माझं बोट आतून शिवणीवर टेकलं
आणि खाली, पार काठापर्यंत गेलं.

त्यानं जाळी उजेडाला धरली,
एक डोळा मिटून पाहिलं.
"भोकं आहेत की ह्याला."

"हाईत की," मी म्हटलं.